१९८७ची पद्मिनी, ११ वर्षं उभी. इंजिन जाम, सिल कुजलेले. घरी किती करता येईल?

कोबा_गॅरेज

नमस्कार मंडळी. गाडी १९८७ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, स्टिअरिंगवरचा गिअर. ११ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये एकाच जागी उभी होती, खाली माती. आता गॅरेजमध्ये ओढून आणली आहे. आजची अवस्था अशी:

क्रँक पुलीच्या नटला पाना लावला, इंजिन तसूभरही हलत नाही. ब्रेकचं पेडल थेट खाली जातं आणि मागचं डावं चाक जाम आहे. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला की आरपार. दोन्ही दारांखालचे सिल तळातून कुजलेत. वायरिंग उंदरांनी तीन-चार ठिकाणी कुरतडलंय. कागदपत्रं सगळी आहेत.

जागा १० बाय १८ फूट, खाली कोबा, सिंगल फेज लाइट. रिंग आणि फिक्स पाने, गोटी पान्यांचा सेट, ग्राइंडर, छोटा कंप्रेसर आहे. मिग वेल्डिंग मशीन घ्यायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू, आणि कोणतं काम बाहेर द्यावं? गावातले डेंटर म्हणतात, आधी बॉडी रंगवून घ्या, मग इंजिनचं बघू.

टॅपेट_१०८९

रंग सगळ्यात शेवटी. आधी रंगवलीत तर इंजिन चढवताना-उतरवताना आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तोच रंग परत खराब होणार. क्रम असा ठेवा: इंजिन सुटतंय का ते बघा, मग पत्रा, मग ब्रेक आणि पेट्रोलची लाइन, मग वायरिंग, मग इंजिन चालू. इंजिन पहिलं अशासाठी, की ब्लॉकच गेला असेल तर खर्चाचा हिशोब बदलतो आणि ते पत्र्यात हात घालण्याआधी कळलेलं बरं.

पुलीच्या नटवर आता आणखी ताकद लावू नका. इतकी वर्षं उभ्या गाडीत बहुधा बेअरिंग जाम होत नाही. ज्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो त्यात दमट हवा शिरते आणि पिस्टनच्या रिंगांच्या रेषेत बोरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, गंजाचं कडं तयार होतं. पाइप लावून जोर केलात तर रिंग तुटते आणि बोरला चर पडते.

चारही प्लग काढा. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मंनिम्म मिसळून प्रत्येक सिलेंडरमध्ये ३०-४० मिली सोडा. अॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून बॅटरी काढलेली आणि दार उघडं हवं. भोकांवर कापडाचा बोळा ठेवा. रोज बघा, ज्या सिलेंडरमधली पातळी उतरत नाही तो गुन्हेगार नाही असं समजू नका, उलट तिथेच रिंगा घट्ट चिकटलेल्या असू शकतात. चार-पाच दिवसांनी नटला लांब हँडल लावून आधी घट्ट करायच्या दिशेने, मग किंचित उलट, असं हलवत राहा. एक मिलिमीटर हलली तरी पुरे. तिथून दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढवत न्यायचं, मधेमधे मिश्रण घालायचं. स्टार्टरला हात लावायचा नाही.

पूर्ण फेरी मारण्याआधी रॉकर कव्हर काढा. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलकं टिचका, खाली जाऊन टपकन वर आला पाहिजे. जो हळू वर येतो किंवा खालीच राहतो, त्याच्या दांड्यावर दोन दिवस तेल सोडत राहा.

इंजिन मोकळं झालं की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातलं, ऑइल काढून टाका, चेंबर उतरवून तळातला गाळ साफ करा. तेलाच्या पंपाची जाळी या गाळाने बुजते आणि नंतर ऑइल प्रेशर मिळत नाही. ते झालं की २०डब्ल्यू-५० दर्जाचं इंजिन ऑइल भरा.

पत्राकाम

सिलबद्दल नीट सांगतो, कारण इथेच गाड्या कायमच्या वाकड्या होतात. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. साधारण ९०० किलोंचा बराच भार सिल पेलतात. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले तर गाडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत.

कापण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून कागदावर लिहा, ५ मिमी असेल तर ५. मग दारं काढून प्रत्येक दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका, टाके मारून घ्या. गाडी स्टँडवर असताना पुढचा भार पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागचा अॅक्सलखाली घ्या, सिलखाली कधीच नाही. स्टँड किमान २ टनांचे घ्या. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवून तिच्याखाली झोपू नका, तो ब्लॉक सूचना न देता फुटतो. तुमच्याकडे कोबा आहे हे चांगलं, तरी स्टँडखाली १२ मिमीची प्लायची चकती ठेवा.

एका वेळी एकच बाजू. गंज दिसतो तिथून ३०-४० मिमी पुढे, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचं. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा डकवला तर मधे पाणी राहतं आणि दोन पावसाळ्यांत तो कडेने उठतो. जमिनीच्या पत्र्यासाठी १ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) शीट, सिलसाठी १.२ मिमी. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा नको: जस्ताचा धूर फुप्फुसात जातो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

मिगला ०.६ किंवा ०.८ मिमीची तार आणि आर्गॉन-सीओटू मिश्र गॅस घ्या. सलग ओढलीत की पत्रा तापून पापडासारखा उठतो. ३० मिमी अंतराने टाका मारा, समोरच्या कोपऱ्यात जा, परत या, हात लावता येईल इतका गार झाला की मधली जागा भरा. जुन्या पद्धतीचे लोक इथे गॅस वेल्डिंग करतात. मोठ्या सपाट पत्र्यावर ते टाळा, उष्णता फार पसरते. जुन्या स्पॉट वेल्डच्या जागी नव्या पत्र्याला ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा (प्लग वेल्ड). जिथे पत्र्यावर पत्रा बसणार तिथे आतून वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर आधीच मारायचा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

सिलच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. बहुतेक गाड्यांत ती अंडरकोटिंगने बुजलेली असतात, आणि सिल आतून कुजायचं मूळ तेच. नव्या सिलला ती नक्की ठेवा. सगळं झाल्यावर आतमध्ये लांब नळीने वॅक्स सोडा, भोकांतून ठिबकायला लागेपर्यंत. जोडांवर सीम सीलर, मग खालून कोटिंग.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, पेट्रोलची टाकी गाडीबाहेर. अर्थची चिमटी वेल्डच्या जवळ लावा, नाहीतर करंट व्हील बेअरिंगमधून जाऊन गोट्यांवर ठिणगीचे डाग पडतात. पाण्याची बादली आणि एक माणूस बाजूला हवा, कारण सीटखालचा काथ्या आणि जमिनीवरचा डांबरी थर आतून पेट घेतो आणि बाहेर दिसत नाही.

लांबी (पुट्टी) ३ मिमीपेक्षा जाड लावू नका. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर जून ते सप्टेंबर उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, सकाळी लाल पापुद्रा दिसतो. ज्या दिवशी घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर.

बंडी_पाइप

ब्रेकला हात घालण्याआधी एक: १९८७च्या गाडीच्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

मागचं डावं चाक बहुधा दोन कारणांनी जाम आहे. एक, हँडब्रेक ओढून गाडी ठेवलेली असेल तर शू ड्रमला गंजाने चिकटतो. केबल सोडा, अॅडजस्टर मागे घ्या, ड्रमच्या तोंडाला, जिथे चाक बसतं तिथे, हातोडीने गोल फिरत टिचका. दोन, व्हील सिलेंडरचे पिस्टन गंजलेले असतील. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे व्हील सिलेंडरमध्ये साठतं.

सिलेंडर खोलल्यावर बोरवरून नख फिरवा. नख अडकलं तर नुसतं रबराचं किट टाकून उपयोग नाही, महिन्याभरात गळणार. नवा सिलेंडर किंवा स्टीलचा स्लीव्ह. पुढचे रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी फेकून द्या. जुना होज आतून सुजतो, पेडल दाबल्यावर तेल जातं पण परत येत नाही, आणि चाक पकडून ठेवतं. लोक मग शू घासत बसतात.

धातूचे पाइप ३/१६ इंची स्टीलचे किंवा क्युप्रोनिकेलचे. फ्रिजची तांब्याची नळी वाकवून देणारे भेटतील, ती घेऊ नका: थरथरीने ताठर होऊन कडेला चिरते. गाडीला एकाच सर्किटचा मास्टर सिलेंडर असेल तर एका चिरीने चारही चाकांचा ब्रेक जातो. तेल डॉट ३ किंवा डॉट ४, बंद डब्यातलं. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

आता पेट्रोल. टाकी उतरवा, फ्लोट काढा. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानातली लिंबूफुलं, आणि मूठभर नट-बोल्ट टाकून हलवत राहा, २४ तास. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कंप्रेसरने कोरडी करा, लगेच आतून तेलाचा हात फिरवा. टाकीला भोक असेल तरी घरी वेल्डिंग नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

पंपावर आज ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पेट्रोलचे रबरी पाइप ३०आर९ दर्जाचे घ्या, तसं पाइपवर छापलेलं असतं. पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्हसुद्धा बदला. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं, म्हणून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला डिपस्टिकचा वास घ्या. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लग पांढरे पडले आणि चढावर गाडी अडखळली तर मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलच्या भोकाची चकती, एक पायरी मोठा करा. १२० असेल तर १२५ने भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, तेवढं बहुधा पुरतं.

फ्यूज_गेला

वायरिंगसाठी थोडक्यात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मधे १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने बल्ब विझेल ती लाइन. कुरतडलेल्या जागी पिळून टेप मारू नका, झाळ देऊन श्रिंक ट्यूब चढवा. हेडलाइटला रिले बसवा, नाहीतर सगळा करंट स्विचमधून जातो आणि प्रकाश मंद राहतो.

मेकॅनिकल सामान पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधा. मुंबईत २० वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, तरी टॅक्सीवाल्यांना लागणारं सामान जुन्या साठ्यात मिळतं. क्रोम पट्ट्या, बीडिंग, मीटर यांची चणचण आहे, म्हणून काढलेला एकही तुकडा फेकू नका. आणि आरसीची मुदत आधी तपासा. ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी तुम्हाला लागू नाही, नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच करावं लागेल.

कोबा_गॅरेज

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन नवव्या दिवशी सुटलं. चेंबर साफ केला, ऑइल भरलं, प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझला. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, घेतलं. एक ते चार: ११८, १२०, ७०, ११५ पीएसआय. तीन नंबरमध्ये दोन चमचे ऑइल घालून परत घेतलं तर ७६. डावा सिल कापून झाला, पाइप लावलेत, फट ५ची ५च आहे. हेड खोलू का?

टॅपेट_१०८९

अजून नको. ऑइल घातल्यावर ७०चं १०५-११० झालं असतं तर रिंगा. ७६ म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. शेजारच्या दोन आणि चार ठीक आहेत, म्हणजे त्यांच्यामधलं हेड पॅकिंगही बहुधा शाबूत.

आधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, बघा. इंजिन गार असताना दोन नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलतात, एक मिटतो आणि दुसरा उघडू लागतो, त्या क्षणी थांबा. तेव्हा तीन नंबरचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरतच नसेल तर व्हॉल्व्ह उघडाच राहतोय. पुस्तकातलं माप देऊन परत कॉम्प्रेशन घ्या.

तरीही ७०च आलं तर पिस्टन त्याच जागी वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना अडण लावा, पुलीपासून हात लांब, आणि प्लगच्या भोकातून ३०-४० पीएसआय हवा सोडा. मग ऐका. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग.

इनटेक किंवा एक्झॉस्ट निघाला तरी पत्रा, ब्रेक आणि पेट्रोलची लाइन पूर्ण होईपर्यंत हेड तसंच ठेवा. नंतर इंजिन चालू करून अर्धा तास मध्यम वेगावर चालवा. व्हॉल्व्हच्या सीटवरचा पातळ गंज पुष्कळदा तेवढ्याने निघतो. त्यानंतर चौथं रीडिंग घ्या. १००च्या खाली राहिलं तर हेड काढा, आणि काढलंतच तर फक्त तीन नंबर नको, आठही व्हॉल्व्ह घासून घ्या. हेड अॅल्युमिनियमचं आहे. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेलं असेल तर पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या असतील, त्या लेथवाल्याला दाखवूनच फेसिंग, म्हणजे हेडचा तळ सपाट करणं, ठरवा. बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. आणि पुढे रेडिएटरमध्ये कूलंट, नळाचं पाणी नाही.