जँगोमध्ये वेगवेगळ्या प्रकारचे वेबहुक इव्हेंट नीट कसे हाताळावेत?

प्रश्न

नमस्कार. आमच्या जँगो (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप्लिकेशनमध्ये पेमेंट सेवेकडून येणारे सगळे वेबहुक, म्हणजे काही घडले की सेवेने आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवलेले संदेश, एकाच व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये) येतात. सुरुवातीला यशस्वी पेमेंट आणि फसलेले पेमेंट असे दोनच प्रकार होते, त्यामुळे इफ-एल्सने काम भागत होते. आता प्रकार १४ झाले आहेत आणि सही पडताळणे (संदेश खरोखर त्या सेवेकडूनच आला का हे तपासणे), जेसॉन (संदेशातील माहितीचे मजकूर-रूप) वाचणे, ऑर्डरची स्थिती बदलणे, ग्राहकाला ईमेल पाठवणे हे सगळे त्या एकाच फंक्शनमध्ये गुंतून पडले आहे. मागच्या आठवड्यात मी परताव्याच्या भागात बदल केला आणि सदस्यत्व रद्द करण्याचा भाग बिघडला, कारण दोन्ही भाग वर भरलेल्या एकाच व्हेरिएबलवर अवलंबून होते. पायथन ३.१० मध्ये आलेले मॅच-केस (किमतीनुसार शाखा निवडणारी रचना) वापरावे, जँगोचे सिग्नल (एका भागाने घोषणा करायची आणि नोंदलेल्या फंक्शनांनी ती ऐकायची, अशी सोय) वापरावेत, की प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र यूआरएल द्यावा?

पहिले उत्तर

मॅच-केसने कोड वाचायला सोपा होईल, पण १४ शाखा त्याच फंक्शनमध्ये राहतील आणि एकाचा धक्का दुसऱ्याला लागण्याची शक्यता तशीच उरेल. स्वतंत्र यूआरएल दिल्यास सहीची पडताळणी प्रत्येक ठिकाणी पुन्हा करावी लागेल.

मी अशा वेळी एक साधी डिक्शनरी ठेवतो, जिच्यात इव्हेंटचे नाव ही की असते आणि ते हाताळणारे फंक्शन (हँडलर) ही व्हॅल्यू असते. फंक्शनवर छोटा डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहिलेली, त्याला जास्तीचे काम जोडणारी ओळ) लावला की त्याची नोंद आपोआप होते. एकाच नावाची नोंद दोनदा झाली, तर डेकोरेटरने अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच एरर द्यावी. मात्र ज्या फाइलमध्ये हे हँडलर आहेत ती इम्पोर्टच झाली नाही, तर डेकोरेटर चालत नाही आणि हँडलर कोणतीही सूचना न देता गायब राहतो. म्हणून ते इम्पोर्ट अ‍ॅप-कॉन्फिगच्या रेडी मेथडमध्ये (जी जँगो सुरू होताना चालवते) करावे. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती सापडायला फार वेळ लागला.

कोणी पायथनचे सिंगल-डिस्पॅच सुचवेल, परंतु ते पहिल्या आर्ग्युमेंटच्या क्लासवरून फंक्शन निवडते, आणि जेसॉनमधून आलेला प्रत्येक इव्हेंट आपल्या हाती डिक्शनरी म्हणूनच येतो. प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लास आधी तयार केला, तरच त्याचा उपयोग आहे.

दुसरे उत्तर

डिक्शनरीचा मार्ग मलाही पटतो. सिग्नल मात्र इथे वापरू नयेत, कारण ऐकणारे कोणी नसले तरी सिग्नल तक्रार न करता निघून जातो, आणि पेमेंटच्या कामात ज्याला हँडलर नाही असा इव्हेंट आपल्याला कळलाच पाहिजे. अनोळखी प्रकार आला तर लॉगमध्ये स्पष्ट नोंद करावी, पण उत्तर २०० (म्हणजे मिळाले) चेच द्यावे. ४०० (म्हणजे विनंती चुकीची) दिले तर बहुतेक सेवा तोच इव्हेंट पुन्हा पुन्हा पाठवत राहतात.

माझ्या मते प्रकार निवडणे हा या कामाचा सोपा भाग आहे, खरी गुंतागुंत त्याच्या आधी आहे. व्ह्यूने सही मूळ बाइट्सवर पडताळावी, कारण जेसॉन वाचून पुन्हा लिहिले की मोकळ्या जागा बदलतात आणि सही जुळत नाही. नंतर इव्हेंट जसा आला तसा एका टेबलमध्ये साठवावा आणि त्याच्या आयडीवर युनिक बंधन घालावे, म्हणजे तोच इव्हेंट दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसच त्याला अडवेल. एवढे झाले की उत्तर द्यावे. हँडलरचे काम बॅकग्राउंड वर्करने (व्ह्यूपासून वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रामने) करावे, आणि ते रांगेत टाकण्यासाठी जँगोचे ऑन-कमिट (डेटाबेसमधील बदल पक्के झाल्यावरच काम चालवणारी सोय) वापरावे, नाहीतर ट्रान्झॅक्शन पूर्ण होण्यापूर्वीच वर्कर धावतो आणि त्याला ती नोंद सापडत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. व्ह्यू आता अगदी लहान झाला आहे आणि प्रत्येक हँडलरची चाचणी स्वतंत्रपणे लिहिता येते. एक अडचण उरली आहे: कधी कधी परताव्याचा इव्हेंट पेमेंट यशस्वी झाल्याच्या इव्हेंटआधी येतो. मग परताव्याच्या हँडलरला ऑर्डर अजून न भरलेली दिसते आणि तो एरर देतो.

दुसरे उत्तर देणारे

इव्हेंट क्रमाने येतील अशी हमी बहुतेक सेवा देत नाहीत, म्हणून इव्हेंटकडे आज्ञा म्हणून न पाहता काहीतरी बदलल्याची वर्दी म्हणून पाहावे. हँडलरने इव्हेंटमधून फक्त पेमेंटचा आयडी घ्यावा, सेवेच्या एपीआयकडून त्या पेमेंटची सध्याची स्थिती मागवावी आणि ऑर्डर त्या स्थितीला आणावी. मग कोणता इव्हेंट आधी आला याने फरक पडत नाही. प्रत्येक वेळी एपीआयला विचारणे शक्य नसेल, तर हँडलरने काम काही मिनिटांनी पुन्हा करण्यासाठी रांगेत परत टाकावे आणि अशा प्रयत्नांना मर्यादा घालावी.

ईमेलच्या बाबतीत मात्र एवढे पुरत नाही. ईमेल गेल्यानंतर, पण इव्हेंट पूर्ण झाल्याची नोंद होण्याआधी वर्कर बंद पडला, तर तेच काम पुन्हा चालते आणि ग्राहकाला तोच ईमेल दुसऱ्यांदा जातो. आम्ही त्यासाठी पाठवलेल्या ईमेलचे वेगळे टेबल ठेवले आहे, ज्यात ऑर्डर आणि ईमेलचा प्रकार यांच्या जोडीवर युनिक बंधन आहे आणि नोंद पाठवण्याच्या आधी होते. यामुळे क्वचित एखादा ईमेल जायचा राहू शकतो, पण पावती दोनदा जाण्यापेक्षा ते आम्हाला परवडते, कारण राहिलेली पावती ग्राहकाला त्याच्या खात्यातूनही पाहता येते.