‘स्टारबर्स्ट’ दीर्घिका: विस्फोट की बहर?

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी सप्तर्षीतल्या एम ८२ या दीर्घिकेवर लिहिते आहे. ‘ताराविस्फोटी दीर्घिका’ असं लिहिलं, तर सातवीतल्या मुलीने विचारलं, “बाई, तिथे सगळे तारे फुटतात का?” दुसरा शब्द सुचवाल का? आणि तिथल्या ‘अल्ट्राल्युमिनस एक्स-रे सोर्स’ला ‘प्रखर क्ष-किरण स्रोत’ चालेल?

---

ताई, मुलीचं बरोबर आहे. ‘लोकसंख्येचा विस्फोट’ म्हटलं की लोक फुटत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. तारे मात्र खरोखरच फुटतात, म्हणून तिथे घोटाळा होतो. इथे सांगायचंय ते ताऱ्यांच्या जन्माबद्दल.

मी ‘ताराबहर’ म्हणतो. आमची डाळिंबाची बाग आहे. बहर धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. मग पाणी सोडलं की फांदी न् फांदी लाल कळ्यांनी भरते. एम ८२मध्ये ताणाची जात वेगळी, पण क्रम तसाच. शेजारच्या एम ८१च्या गुरुत्वाकर्षणाने तिच्यातला वायू ढवळला, केंद्राकडे लोटला गेला आणि तारे भराभर जन्मू लागले, आपल्या आकाशगंगेच्या सुमारे १० पट वेगाने. वायू सरला की हा बहरही ओसरणार. ‘विस्फोट’मध्ये हे ओसरणं येत नाही.

‘प्रखर’ नको. ऊन प्रखर असतं ते आपण उभे असतो तिथे. इथे मोजतात ती स्रोताची स्वतःची दीप्ती, म्हणून ‘अतिदीप्त’. सूर्य सगळ्या प्रकारच्या किरणांतून मिळून जेवढी ऊर्जा टाकतो, तिच्या अडीच लाख पटींहून जास्त ऊर्जा हे नुसत्या क्ष-किरणांत टाकतात.

---

‘अतिदीप्त’ला माझंही मत. फक्त ‘स्रोत’च्या जागी ‘कृष्णविवर’ लिहू नका, बरेच जण लिहितात. जानेवारी २०१४मध्ये एम ८२मध्ये अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा, दिसला, म्हणून नुस्टार ही अंतराळातली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली होती. त्या निरीक्षणांत एम ८२ एक्स-२ हा स्रोत दर १.३७ सेकंदांनी ठोका देताना सापडला. असा नेमका ठोका कृष्णविवर देऊ शकत नाही. तो निघाला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या जड ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा! जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून घेत तो एवढा तळपतो, की त्याच्या वस्तुमानाला घालून दिलेली एडिंग्टन मर्यादा, म्हणजे जिच्यापुढे प्रकाशाचा दाबच आत येणारं द्रव्य बाहेर ढकलू लागतो ती दीप्ती, जवळजवळ १०० पट ओलांडतो. रोंटगेनने १८९५ मध्ये किरणांचं स्वरूप कळेना म्हणून अज्ञाताचं अक्षर दिलं, आपण बीजगणितातला ‘क्ष’ लावला. ‘स्रोत’ शब्दातही तोच प्रामाणिकपणा आहे.

---

आभार. शेवटचं वाक्य असं आहे: ‘या स्रोतांचा दीर्घिकेवर मोठा प्रभाव पडतो.’

---

‘प्रभाव पडतो’ने मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. क्रियापदं लिहा. अतिनील किरण धुळीत अडतात, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण खोलवर शिरतात आणि तिथला वायू तापवतात. तारे थंड वायूतून जन्मतात, म्हणून हे तापणं महत्त्वाचं. अशा काही स्रोतांभोवती त्यांच्या वाऱ्यांनी आणि झोतांनी फुगवलेले शेकडो प्रकाशवर्षं रुंदीचे बुडबुडेही दिसतात.

पण ‘मोठा’ काढाच. एम ८२च्या तबकडीच्या वर-खाली उसळणारा तो तांबडा वायू मुख्यतः अतिनवताऱ्यांनी आणि जड ताऱ्यांच्या वाऱ्यांनी ढकललाय. ते श्रेय या स्रोतांना देऊ नका. उलट तेच बहराची खूण आहेत: जड तारे भराभर जन्मतात, लवकर मरतात आणि असे जोडतारे मागे ठेवतात. म्हणून जिथे ताऱ्यांची निपज जास्त, तिथे हे स्रोतही जास्त.

---

आता असं केलंय: ‘बहरातल्या दीर्घिकेत अतिदीप्त क्ष-किरण स्रोत जास्त आढळतात आणि ते आजूबाजूचा वायू तापवतात.’ की ‘ताराबहरी दीर्घिकेत’ म्हणू?

---

‘बहरातल्या’च ठेवा. बाग बहरात आली म्हणतो आपण, बाग बहरी झाली म्हणत नाही.