मदत हवी आहे: उबुंटूवर बिनबोभाट चालणारी बिल्ड स्क्रिप्ट मॅक आणि विंडोजवर अडते

नमस्कार मंडळी,

तिघांचा छोटा सी++ प्रकल्प आहे. मी उबुंटूवर, एक मित्र मॅकवर, आणि नुकतीच आलेली सहकारी विंडोजवर. बिल्डची (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायची) बॅश स्क्रिप्ट माझी; बॅश म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा शेल. दोन वर्षं एकदाही कुरकुरली नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

मॅकवर 'व्हर्जन.एच'मधला आकडा बदलणारी 'सेड -आय' ओळच (सेड म्हणजे फाइलमधला मजकूर बदलणारी आज्ञा) अडते: 'इनव्हॅलिड कमांड कोड व्ही'. ती काढून पाहिली, तर पुढे 'डिक्लेअर -ए'वर (कॅपिटल ए; नावाने शोधायचा ॲरे बनवणारी ओळ) 'इनव्हॅलिड ऑप्शन'. विंडोजवाली गिट फॉर विंडोजने कोड घेते आणि डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) चालवते. तिला '\आर: कमांड नॉट फाउंड' दिसतं. फाइल उघडली तर सगळं जागच्या जागी!

तीन वेगळ्या स्क्रिप्ट लिहू का? जिवावर आलंय.

प्रतिसाद:
तीन अजिबात नको. महिन्याभरात तिन्ही तीन दिशांना जातील.

मॅकचं सेड बीएसडी (युनिक्सची एक शाखा) घराण्यातलं. त्याला 'आय'पुढे बॅकअपचं शेपूट लागतंच, म्हणून तुमची बदलाची आज्ञा त्याने शेपूट म्हणून गिळली आणि फाइलचं नाव आज्ञा समजून वाचलं. तो 'व्ही' तुमच्या फाइलच्या नावातलाच आहे! '-आय.बॅक' असं चिकटवून लिहिलं की दोन्हीकडे चालतं, नंतर .बॅक फाइल उडवा. मॅकवरचं बॅश अजून ३.२, म्हणजे २००६-०७ च्या सुमाराचं, ४.० पासून परवाना जीपीएल ३ (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) झाला आणि ॲपल तिथेच थांबलं. नावाने शोधायचे ॲरे ४.० मध्ये आले, त्यामुळे साध्या 'केस'वर (पर्याय तपासणारी बॅशची रचना) भागवा.

विंडोजचं दुखणं ओळीच्या शेवटाचं. गिटने एलएफचं (लिनक्सची ओळ संपल्याची खूण) सीआरएलएफ (विंडोजची खूण) केलं; त्यातला जादा सीआर म्हणजेच तो '\आर'. '.गिटॲट्रिब्यूट्स'मध्ये '*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ' टाका, तिच्याकडची स्क्रिप्ट पुसून पुन्हा चेकआउट करा. एडिटरची सेटिंग बदलून फक्त तिचंच भागेल.

खरं तर आवृत्तीचा आकडा सीमेकच्या (बिल्ड सांभाळणारं साधन) 'कॉन्फिगर_फाइल'कडे द्या, म्हणजे सेड लागणारच नाही.

धागाकर्ता:
विंडोज सुटलं, धन्यवाद! सेडही काढून टाकलं. मॅकवर आता 'एनप्रॉक' (प्रोसेसरचे कोअर मोजणारी आज्ञा) सापडत नाही म्हणतंय. तेही लिनक्सचंच का?

प्रतिसाद:
हो. मॅकवर 'सिससीटीएल -एन एचडब्ल्यू.एनसीपीयू'. पण 'सीमेक --बिल्ड'ला '--पॅरलल' दिलंत तर कोअर मोजायची गरजच नाही.