जॉन्सनची मिलो: आज्जी म्हणते ६६, मामा म्हणतो ७२. अमेरिकेचे कागद घरबसल्या कसे बघायचे?

कसब्यातला_नातू

मंडळी, जरा मदत हवीये. माझी आज्जी ८६ वर्षांची आहे, लग्न होऊन कसबा पेठेतल्या वाड्यात आली आणि अजून पेठेतच आहे. गेल्या महिन्यात मी सहज मोबाइलवर तिचं रेकॉर्डिंग केलं, चाळीसेक मिनिटांचं, त्यात ती रेशनच्या रांगेबद्दल बोलली. तिचं वाक्य जसंच्या तसं देतो, "त्या मेल्या जॉन्सनने आम्हाला मिलो खायला लावली." म्हणे लाल ज्वारी यायची अमेरिकेतून, पीठ उकळत्या पाण्यात मळलं तरी भाकरी थापताना कडेला चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे, शेवटी ती फडक्यावर थापून फडक्यासकट उलटी करायची. आणि वास. त्या वासाबद्दल पाच मिनिटं बोललीये.

आता प्रॉब्लेम असा की घरात वाद झाला. मामा म्हणतो मिलो ७२ च्या दुष्काळातली, जॉन्सनचा काय संबंध. आज्जी हटायला तयार नाही. मी नेटवर बघितलं तर हा जॉन्सन म्हणजे तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष, टेक्सासमध्ये ऑस्टिनला त्याची लायब्ररी आहे, त्याच्या कारभाराचे कोट्यवधी कागद तिथे आहेत आणि त्याच्या लोकांच्या मुलाखतीही आहेत, बऱ्याच ऑनलाइन. पण उघडून बसलो की कुठे शिरायचं तेच कळत नाही, समुद्र आहे नुसता. कोणी वापरलंय का हे? आणि त्या मुलाखतींवर कितपत विश्वास ठेवायचा? मी इतिहासवाला नाही, आयटीत आहे, त्यामुळे सोप्या भाषेत सांगा.

बाणेरकर_सध्या

मामा बरोबर आहे, आज्जींना सांगा रागावू नका. मिलो म्हणजे ७२. आमच्याकडे नगर जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी तेच आहे, दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी आणि मिलो. जॉन्सन जानेवारी १९६९ मध्ये घरी गेला, ७२ ला निक्सन होता. म्हातारी माणसं दोन गोष्टी एकात घालतात, माझे आजोबा तर गांधीहत्या आणि पानशेतचा पूर एका दमात सांगायचे. केस क्लोज्ड.

रुमालवाला

केस एवढ्या लवकर क्लोज करू नका हो बाणेरकर. मी अमेरिकेच्या कागदांवर काम केलेलं नाही पण आयुष्य पेशवे दप्तरात आणि इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचण्यात गेलंय, आणि हा प्रश्न आमचाच आहे. बखर की पत्र. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींची अशी चिरफाड केली की विचारू नका, का तर बखरकार घटना होऊन गेल्यावर वर्षानुवर्षांनी लिहितो, सन चुकवतो, माणसं अदलाबदल करतो. पत्र त्याच दिवशी लिहिलेलं असतं, त्याला पुढे काय होणार ते माहीत नसतं, त्यामुळे ते पुढचं बघून खोटं बोलू शकत नाही. (त्या दिवसापुरतं खोटं मात्र भरपूर बोलतं, हे पण लिहून ठेवा. कारकून धन्याला आवडेल असंच लिहितो.)

तर तुमच्या आज्जीचं रेकॉर्डिंग ही बखर, आणि जॉन्सनच्या माणसांच्या मुलाखती म्हणजेही बखरीच, फक्त सुटाबुटातल्या. दोन्ही टाकून द्यायच्या नसतात. बखरीतला सन सोडा, बारीकसारीक धरा. फडक्यावर भाकरी थापली हे कुठल्याच सरकारी कागदात सापडणार नाही.

आज्जीला साल अजिबात विचारू नका. साल विचारलं की माणूस अंदाज ठोकतो आणि मग त्याच्यावर अडून बसतो. त्याऐवजी विचारा की तेव्हा कोण रांगत होतं, कोणाचं लग्न झालं होतं, वाड्यात वीज होती का, पानशेतच्या आधी की नंतर. पुण्यातल्या बायकांचं कॅलेंडर पानशेतपासून सुरू होतं.

ऑस्टिनला_जाऊन_आलेली

अरे वा, माझा विषय! माझी पीएचडी धान्यमदतीवर होती, त्यासाठी दोन उन्हाळे त्या लायब्ररीत बसलेय. आत शिरलं की मोठ्या हॉलमध्ये काचेमागे मजल्यावर मजले लाल बॉक्स रचलेले दिसतात, प्रत्येकावर सोनेरी शिक्का, देवळातल्या दीपमाळेसारखं बघत राहावं. वाचनाच्या खोलीत मात्र पेन बंदी, फक्त पेन्सिल, आणि टेबलावर एका वेळी एकच फोल्डर. रुमालवाला काकांना हे ओळखीचं वाटेल, फक्त तिथे कागद बांधलेल्या रुमालाची गाठ सोडायला लागत नाही आणि धूळ उडत नाही.

आधी एक गोष्ट समजून घे नातू. तुला हवेत ते कागद बहुतेक विषयाप्रमाणे नाही लावलेले, ज्या ऑफिसातून किंवा ज्याच्या टेबलावरून आले त्याप्रमाणे लावलेत. त्यामुळे "मिलो" म्हणून सर्च करून फार काही हाती लागणार नाही. आधी कोणाच्या टेबलावरून हा निर्णय फिरला ते शोधायचं. भारताच्या धान्याबाबत सुरुवातीला व्हाइट हाउसमधला रॉबर्ट कोमर, मग वॉल्ट रोस्टो, शेतीमंत्री ऑरव्हिल फ्रीमन, आणि दिल्लीत राजदूत चेस्टर बोल्स. म्हणजे नॅशनल सिक्युरिटी फाइल, त्यात कंट्री फाइल, त्यात इंडिया, मग बॉक्स, मग फोल्डर. शिवाय कोमरच्या स्वतःच्या फाइल्स वेगळ्या. प्रत्येक संग्रहाची यादी साइटवर आहे, ती यादी आधी नीट वाचायची, कंटाळवाणी आहे पण तीच चावी आहे.

तुला खरं तर तिथपर्यंत जायचीही गरज नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं निवडक कागद छापतं, फॉरेन रिलेशन्स नावाची मालिका, तिचा १९६४ ते ६८ चा २५ वा खंड साउथ एशियाचा, २००० साली निघाला आणि आख्खा फुकट ऑनलाइन आहे. आणि आता बाणेरकर बसून घ्या. त्यात १९६६ च्या उत्तरार्धातले कागद बघा, भारताने काय मागितलं आणि काय पाठवायचं याच्या चर्चेत गव्हाच्या जोडीला मिलोही आहे. ७२ च्या दुष्काळात मिलो आली हे खरंच, पण तिची पहिली वारी ती नव्हती. आज्जी चुकली असं निदान कागद तरी म्हणत नाहीत.

काळच तसा होता. ६५ आणि ६६ लागोपाठ पाऊस गेला. १९६६ मध्ये भारताने एक कोटी टनांच्या वर धान्य आणलं, त्यातलं बहुतेक पीएल ४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली अमेरिकेचं. आणि जॉन्सनने ते एकदम दिलं नाही, आधी वर्षांचे करार व्हायचे ते बंद करून थोडं थोडं सोडायला लागला, त्या धोरणाला त्यांच्याकडे आखूड दावं म्हणायचे, गुरांचं दावं असतं तसंच. आधी शेती सुधारा, खत आणि बियाण्यात पैसे घाला, मग पुढची बोट. नोव्हेंबर १९६५ मध्ये फ्रीमन आणि आपले शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम रोममध्ये गुपचूप भेटले आणि शेतीधोरण काय बदलायचं ते कागदावर उतरवलं. मग इंदिराबाईंनी जुलै ६६ मध्ये मॉस्कोत व्हिएतनामबद्दल संयुक्त पत्रकावर सही केली त्याने जॉन्सन आणखी भडकला, आणि त्या शरद ऋतूत धान्य अडकून पडलं ते थेट डिसेंबरात सुटलं. म्हणजे आज्जीच्या रांगेत जेव्हा "माल नाही आला" म्हणायचे तेव्हा तो खरंच एका माणसाच्या टेबलावर अडकलेला असू शकतो. "मेला जॉन्सन" हे इतकंही अन्यायाचं नाही.

आता मुलाखतींचं. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या जो फ्रँट्झ यांनी १९६८ पासून जॉन्सनच्या लोकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. बोल्सची ६९ ची आहे, दिल्लीहून परत गेल्यावर लगेचची. त्याला ही अडवाअडवी कधीच पटली नव्हती, आणि खुर्ची गेल्यावर माणूस मोकळा बोलतो, थोडा जास्तच. कोमर उलट, तो या धोरणाच्या आतला माणूस, त्यामुळे त्याची मुलाखत वकिली म्हणून वाचायची. मी काय करायचे, मुलाखतीत कोणी म्हणालं की "मी प्रेसिडेंटला फोन करून सांगितलं", की लगेच जॉन्सनची डेली डायरी उघडायचे. त्यात कोण कधी आलं, कोणाचा फोन किती वाजता, मिनिटामिनिटाची नोंद आहे. कितीतरी फोन तिथे नसतातच. आणि मुलाखत देणाऱ्याला टाइप केलेली प्रत तपासायला देतात, तो खोडतो, काही भाग बंद ठेवायला सांगतो, त्यामुळे वाचतोय ते बोललेलं की सुधारलेलं हेही बघायचं. जॅकलिन केनेडीने १९६४ मध्ये दिलेल्या मुलाखती २०११ पर्यंत बंद होत्या.

बाणेरकर_सध्या

बसलो. उठून परत बसलो. तो खंड उघडून बघितला, गहू आणि मिलो दोन्ही आहेत. नगर जिल्ह्याच्या वतीने माघार. पण एक कळलं नाही, हे सगळे कागद त्यांनी असे उघडे का ठेवले? आपल्याकडे एका ऑफिसात मी वडिलांच्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स मागायला चार चकरा मारल्या, चौथ्या वेळी म्हणाले तो माणूस रजेवर आहे.

ऑस्टिनला_जाऊन_आलेली

उघडे आपोआप नाही झाले. आधी प्रेसिडेंटचे कागद त्याची खासगी मालमत्ता समजायचे, घरी घेऊन जायचा. रूझवेल्टने आपल्या गावी, हाइड पार्कला, लायब्ररी बांधून ते सरकारला दिले, ती १९४१ मध्ये उघडली, मग अशा लायब्रऱ्यांसाठी १९५५ चा कायदा आला. जॉन्सनचे कागद पण असेच दानपत्राने दिलेले आहेत, आणि दान म्हटलं की अटी आल्या. त्याने फोनची रेकॉर्डिंग पण केली होती, डिक्टाबेल्ट नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, आणि सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर पन्नास वर्षं उघडू नका. तो १९७३ मध्ये गेला. लायब्ररीने ९३ पासूनच उघडायला सुरुवात केली, नशीब आपलं.

कायदा बदलला तो निक्सनमुळे. त्याच्याकडे सुमारे ३,७०० तासांच्या टेप होत्या आणि त्यातली एक साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली. तो त्या टेप घेऊन जाईल या धास्तीने १९७४ मध्ये खास त्याच्यासाठी कायदा केला, आणि १९७८ मध्ये सगळ्यांसाठी, की कागद जनतेचे. तो लागू झाला रेगनपासून, जानेवारी १९८१.

आणि सगळं उघडंही नाहीये बरं का. इंडियाच्या फोल्डरमध्ये मधेच एक पान येतं, त्यावर फक्त तारीख, कोणी कोणाला, किती पानं, आणि का काढून घेतलं. पत्र नाही, पत्राची पाटी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं, दोन हजार डॉलरचं तिकीट काढून पाटी वाचायला आले म्हणून. पण त्या पाटीच्या आधारे अर्ज करता येतो, की आता तरी गोपनीयता तपासा. मी तीन केले, एक उघडला, त्यात हवामानाचा अंदाज होता.

रुमालवाला

हवामानाचा अंदाज गोपनीय. आमच्याकडे एका रुमालात आंब्यांच्या पेट्यांचा हिशेब निघाला होता, त्यावर "अत्यंत खासगी" असा शेरा. माणसं सगळीकडे सारखीच.

नातूसाहेब, आज्जीला विचारलंत का?

कसब्यातला_नातू

विचारलं. काल रात्री. साल नाही विचारलं, तुम्ही सांगितलं तसंच केलं.

पानशेतच्या आधी की नंतर विचारल्यावर ती हसलीच. म्हणाली नंतर, खूप नंतर, पुराने भिंत गेली ती परत बांधून झाली होती आणि तुझा काका शाळेत जायला लागला होता. मग मी विचारलं मिलो नक्की कुठे ठेवायचीस. तर म्हणाली मांडणीवर वरच्या फळीवर पत्र्याचा डबा होता, डालड्याचा. आणि मग स्वतःच म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला ना पहाटे, तेव्हा तो डबा खाली आला, सगळं पीठ माझ्या अंथरुणावर, आणि सासूबाई भूकंप सोडून पीठ सांडलं म्हणून ओरडल्या. मी म्हटलं बरंच झालं." मामा समोर बसला होता, त्याने गपचूप मोबाइल काढून बघितलं. कोयना, डिसेंबर १९६७.

म्हणजे ६७ च्या डिसेंबरात मिलोचं पीठ घरात होतं. मामाने चहा केला सगळ्यांना.

७२ ला पण खाल्ली का विचारलं तर म्हणाली खाल्ली की, पण तोपर्यंत मी शहाणी झाले होते, अर्धी आपली ज्वारी मिसळायचे.

रुमालवाला

वा! डबा हा तुमचा पुरावा. आता एक काम आजच करा, त्या दोन्ही रेकॉर्डिंगच्या फाइलच्या नावात तारीख, आज्जीचं नाव, कोण कोण समोर होतं ते घाला, आणि तुम्ही विचारलेले प्रश्नही टाइप करून ठेवा, फक्त उत्तरं नकोत. मामा समोर होता हे नक्की लिहा, मामासमोर माणूस जरा जोरात बोलतो.

कसब्यातला_नातू

केलं. आणि हा धागा तिला वाचून दाखवला. ती विचारतीये की जॉन्सनच्या बायकोने कधी मिलोची भाकरी थापून बघितली होती का, आणि ते कुठल्या बॉक्समध्ये मिळेल.

ऑस्टिनला_जाऊन_आलेली

आज्जींना नमस्कार सांग. लेडी बर्ड जॉन्सनने व्हाइट हाउसमध्ये असताना टेपवर बोलून डायरी ठेवलीये, शंभराच्या वर तास भरतील, ऐकायला मिळतात. भाकरी नसणार, पण मार्च १९६६ मध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला गेल्या होत्या तेव्हा आपल्या राजदूताकडे जॉन्सन नुसता भेटायला आला आणि आयत्या वेळी जेवायलाच थांबला, तिथून ऐकायला सुरुवात करा.