दशावतार पाहायला जाता की सुरमई खायला? (दोन्ही केलं तर पाप लागते का बाप्पा)

गोकुळपेठचा_गिऱ्हाईक

काल आपल्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलं, "नागपूरहून कोकणात दशावताराच्या नाटकाला म्हणून जाणारे खरं तर सुरमई खायला जातात, रात्री जत्रेत घोरतात अन् परत येऊन लोककला लोककला करतात." नाव घेतलं नाही, पण त्या ग्रुपमधून तीन वर्षं दर कार्तिकात कुडाळले उतरणारा मी एकटाच आहे, तर बाण कोणाले होता ते कळते मले. तिथे दोन ओळींत उत्तर देता आलं नसतं म्हणून इथे धागा.

पहिली गोष्ट, इथून मडगावची गाडी आठवड्यातून दोनच दिवस, अन् तीही भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल असा अख्खा महाराष्ट्र फिरून कुडाळले पोचते. अंगाचं धिरडं होते. बरं, दशावतार काही संध्याकाळी साडेसहाले तिसरी घंटा देऊन सुरू होत नाही, आधी देवीची ओटी, मग पालखी, देवळाभोवती प्रदक्षिणा, अन् मध्यरात्रीच्या आसपास पेटीवाला बसतो तेव्हा कुठे गणपती येतो. मग दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत माणसाने काय करावं? नाट्यशास्त्र वाचावं?

मी जेवतो. वेंगुर्ल्यात एका बाईंची घरगुती खानावळ आहे, पाच-सहा पानं बसतात फक्त. पहिल्या वर्षी मी आपला टुरिस्टासारखा "सुरमई थाळी" म्हणालो तर त्या म्हणाल्या इसवण (म्हणजे तीच सुरमई) आज चांगला नाही, बांगड्याचं तिखलं आहे ते खा. खाल्लं. बाजूच्या पानावर जे काका होते ते निघाले एका दशावतार मंडळात चाळीस वर्षं मृदंग वाजवलेले. संवाद लिहिलेले नसतात, संध्याकाळी मुख्य नट नुसतं आख्यान सांगतो अन् कोण काय ते वाटून देतो, बाकी सगळं तिथल्या तिथे, हे मले कोणत्या पुस्तकाने नाही, त्या काकांनी काटे काढता काढता सांगितलं. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" ही म्हणही तिथेच ऐकली. उपाशी गेलो असतो तर देवळाच्या पायरीवर मोबाईल पाहत बसलो असतो.

अन् हो, त्या रात्री मी झोपलो. पुढच्या रांगेत. संकासुराने वेद चोरायचं सोडून माझ्याकडे बोट दाखवून मालवणीत काहीतरी म्हटलं, अख्खी जत्रा हसली. बाजूच्या पोराले अर्थ विचारला तर तो म्हणे, पाहुणा बांगडे खाऊन आला वाटतं, असं म्हणतोय. सांगा आता, हे नाटकात सामील होणं नाही तर काय आहे?

महालचा_नाट्यवेडा

म्हणजे घोरलात हे कबूल. एवढा मोठा धागा काढायची गरज नव्हती, "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ती पोस्ट माझीच. अन् मी मागे हटत नाही. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाच्या आधीच्या भागात, गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर, विष्णू हा जो क्रम आहे ना तोच खरा जुना गाभा. तुमच्यासारखे लोक तेवढ्यात डुलक्या घेतात अन् राजाची लढाई सुरू झाली की जागे होऊन व्हिडिओ काढतात. मग मंडळंही काय करतात, गाभा आटपतात अन् लढाई ताणतात. भरल्या पोटाने रात्रभराचं नाटक पाहता येत नाही, हे शरीरशास्त्र आहे, माझं मत नाही.

वेंगुर्ल्याची_लेक

माहेर वेंगुर्ला, सासर नागपुरात खामल्याला, बावीस वर्षं झाली. दोघांचंही ऐकून डोकं फिरलं.

गिऱ्हाईकभाऊ, तुम्ही दुपारी बांगडे खाऊन रात्री जत्रेला गेलात? आमच्याकडे ज्या गावची जत्रा त्या गावात त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं, लसूणसुद्धा नसते कुठे कुठे. हॉटेलवाले देतात, त्यांना धंदा करायचाय. पण तुम्ही लोककला म्हणता आणि ती ज्या देवळासमोर होते त्या देवळाची रीत विचारत नाही. दशावतार म्हणजे थिएटर नाही, तो देवीचा दहीकाला आहे. माझी आजी म्हणायची, खाऊन जायचं तर लांब उभं राहून बघ.

गोकुळपेठचा_गिऱ्हाईक

ताई, जत्रा दुसऱ्या गावची होती, मी वेंगुर्ल्यात खाल्लं, आंघोळ करून गेलो.

वेंगुर्ल्याची_लेक

आंघोळीने होत नाही ते. पोटाची आंघोळ केलीत काय?

वडसा_रिटर्न

तुमचं चालू द्या, मले एकच सांगा. नागपूरच्या माणसाले रातभराचं नाटक पाहाले कोकणात कायले जा लागते? साडेतीन तासात वडसा येते. भाऊबीज झाली का मंडई, म्हणजे आमची गावची जत्रा, सुरू, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, पहाटेपर्यंत चालते. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, परशुराम खुण्यांना 2023 मध्ये पद्मश्री भेटली, या धाग्यावरच्या किती जणांनी त्यांचं काम पाहिलं? हात वर करा. करत नाही न कोणी? तिथं सुरमई नाही म्हणून जात नाही, सरळ सांगा न.

धरमपेठ_एक्सप्रेस

शक्तिपीठ महामार्ग होऊ द्या, पवनार ते पत्रादेवी सुसाट, रात्री निघून सकाळी बांगडा. सगळे वाद बंद.

वडसा_रिटर्न

अन् जमीन कोणाची जाईल? तुमच्या धरमपेठेतली?

पवनीचा_तलाववाला

वडसाभाऊ, सुरमई नाही हे चांगलंच आहे. समुद्राची मच्छी मले कधी समजलीच नाही. इथे बर्फातून काढतात ते पापलेट पाहिलं की त्याच्या डोळ्यांकडे पाहून आपल्यालेच रडू येते. मासोळी म्हणजे मरळ. तलावाची, जिवंत, तडफडणारी. आमच्या भंडाऱ्याले तलावांचा जिल्हा उगाच नाही म्हणत, कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या तलाव बांधले, ढिवरांनी मासोळी धरली, अन् वांग्यात सुके झिंगे टाकून जे लागते ते कोणत्याच थाळीत नाही. तुमच्या बांगड्याले स्वतःची चव असती तर तिरफळाचा मसाला टाका लागला असता का?

वेंगुर्ल्याची_लेक

दशावतारावर काय ते बोला, तिरफळावर बोललात तर याद राखा.

तिरफळ चव झाकायला नसतं. आतलं काळं बी काढून टाकायचं, फक्त साल, जरासं चेचून, शेवटी घालायचं. बांगडा, तारली, असल्या तेलकट मासळीलाच ते लागतं, सरंग्यात, म्हणजे पापलेटात, कोण घालतं का? आणि डोळे पाहून रडू येतं म्हणता ती मासळी तुमच्याकडे मेल्यानंतर चार दिवसांनी पोचते, बिचारीने काय करावं? तुमच्या मरळीला तर जिवंतपणीच चिखलाचा वास. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने केली होती, मी तीन घास गिळले आणि रात्री माहेरी फोन करून रडले.

गोकुळपेठचा_गिऱ्हाईक

मी पहिल्या वेळी तिरफळ चावून खाल्लं होतं. तासभर जीभ आहे की नाही समजत नव्हतं.

पवनीचा_तलाववाला

चिखलाचा वास साफ न करता आल्यामुळे येतो. राख अन् मीठ लावून चोळावी लागते. सासूबाईंना विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, रडायच्या आधी.

वेंगुर्ल्याची_लेक

माझ्या सासूबाईंना मासळी साफ करता येत नव्हती असं म्हणताय का तुम्ही? त्या आज नाहीत म्हणून बोलून घ्या.

महालचा_नाट्यवेडा

धागा दशावतारावर आहे असा माझा समज होता. हाच माझा मुद्दा. कला मागे पडते अन् ताट पुढे येते. धन्यवाद, माझी पोस्ट सिद्ध केल्याबद्दल.

गोकुळपेठचा_गिऱ्हाईक

महालभाऊ, एक विचारू? तुम्ही स्वतः कोणत्या जत्रेत पाहिला दशावतार?

महालचा_नाट्यवेडा

इथल्याच एका सभागृहात प्रयोग झाला होता. पूर्ण पाहिला, एक क्षण न झोपता.

गोकुळपेठचा_गिऱ्हाईक

किती वेळाचा?

महालचा_नाट्यवेडा

दीड तासाचा. वेळेचा मुद्दा इथे गैरलागू आहे.

वडसा_रिटर्न

😂😂 दीड तास! एसीत! आमच्याकडं दीड तासात नायकाचं लग्नपण जमत नाही.

वेंगुर्ल्याची_लेक

तलाववाले, मघाशी जरा जास्त बोलले. पण सासूवरून बोलू नका. आणि खरं सांगू का, आता आमच्याकडे तरी कुठे राहिलाय पूर्वीचा बांगडा. बाबांच्या वेळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला हात लावला तरी वाटणीची मासळी घरी यायची. आता बाहेरचे पर्ससीनवाले मोठी जाळी घेऊन येऊन ओरबाडतात, एलईडी दिवे लावून मासेमारीला बंदी आहे तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात. आणि तुम्ही पर्यटक जाता आणि सगळ्यांना फक्त सुरमई, पापलेट, कोळंबी पाहिजे. मुडदुशी, सौंदाळे कोणी विचारत नाही.

पवनीचा_तलाववाला

आता तुम्ही खरं बोलल्या म्हणून मी पण बोलतो. मरळ मरळ करतो मी, पण सहा महिन्यांत खाल्ली नाही. तलावात गाळ अन् बेशरमाची झुडपं. बाजारात रोहू-कतला आंध्रातून बर्फात येतो तोच खातो आम्ही. तुमचं पापलेट अन् आमचा रोहू, दोघांचे डोळे सारखेच. पण तिरफळाचं माझं मत तेच आहे.

वेंगुर्ल्याची_लेक

ठेवा. डबीत घालून ठेवा.

गिऱ्हाईकभाऊ, तुमच्यासाठी. माझा सख्खा भाऊ मुंबईहून येतो तो पण आदल्या रात्रीचं सुंगटाचं (कोळंबीचं) सुकं जत्रेच्या दिवशी सकाळी लपून खातो, आईला माहीत आहे, ती काही बोलत नाही. म्हणून तुम्हाला माफ केलं असं नाही. पुढच्या वेळी जत्रेच्या आदल्या दिवशी पोचा, तेव्हा पाहिजे तितकं हाणा, जत्रेला शिवराक राहा, दहीकाला झाल्यावर आंघोळ करून झोपा आणि उठून परत खा. सोमवार तेवढा टाळा, निम्म्या घरात चूल शिवराक असते.

महालचा_नाट्यवेडा

या योजनेत नाटक दोन जेवणांच्या मधली विश्रांती आहे एवढंच लक्षात आणून देतो. तरी, आदल्या दिवशी जायचं असेल तर तिकिटं कधी काढताय ते कळवा. मी येईन असं नाही. नुसतं कळवा.

गोकुळपेठचा_गिऱ्हाईक

कळवतो. एसी मिळेल न मिळेल सांगता येत नाही 😄

वडसाभाऊ, तुमचं म्हणणं लागलं मले. हात वर केला नाही मी, खरं आहे. यंदा मंडईले येतो. तिकडे मरळ मिळेल का?

वडसा_रिटर्न

मिळंन. पण नाटक रात्री दहाले सुरू होते. झोपाचंच असंन तर मरळ खाऊन तसेच परत जाजा, खुर्ची अडवू नका.