एक मूल आहे, दुसऱ्यासाठी प्रयत्न चाललेत आणि गर्भ टिकत नाही: तुमचे अनुभव लिहा

वैशाखी
मुलगी पहिलीत आहे. तिच्या वेळी नववा लागेपर्यंत मी डोंबिवलीहून लोकलने नोकरीला जात होते, कसलाही त्रास झाला नाही. दुसऱ्यासाठी प्रयत्न सुरू केल्यापासून मात्र तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा दहावा आठवडा लागायच्या आत सगळं संपलं. शेवटच्या खेपेला तर ठोके दिसले होते. दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफीला गेले तर डॉक्टर बराच वेळ काही बोलेचनात.

माझ्या फाइलवर हे सगळं एका ओळीत आहे: जी फोर, पी वन, एल वन, ए थ्री. म्हणजे चारदा दिवस राहिले, एक बाळंतपण, एक मूल हयात, तीन गर्भपात. सोनोग्राफीच्या फॉर्म एफमध्ये हयात मुलगे किती, मुली किती, तेवढंच विचारतात. घरचेही तेवढंच मोजतात. "एक आहे ना पदरात, तिच्याकडे बघ." तिच्याकडे बघतेच की मी. तिच्याकडे बघूनच तर कळतं, जे गेलं ते काय झालं असतं.

पहिलं मूल असलेल्या बाईला या दुःखाचा हक्कच नाही असं लोक धरून चालतात, म्हणून हा धागा काढतेय. ज्या यातून गेल्यात त्यांनी लिहा. कुठल्या तपासण्या केल्या, कामावर काय सांगितलं, मोठ्या मुलाला काय सांगितलं, नवऱ्याचं काय झालं. नाव लपवून लिहिलं तरी चालेल. एकच विनंती: पपई, जिना, स्कूटर, ग्रहण, नजर यावरचे सल्ले नकोत. ते सगळ्यांना आधीच मिळालेत.

जुई
वैशाखी, मी ठाण्याची. मुलगा चार वर्षांचा असताना पहिला गेला, सातव्या आठवड्यात. दुसरा अकराव्यात. दुसऱ्या वेळी क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय साफ करून घरी आले तर स्वयंपाकघरात डोहाळ्यांची म्हणून आणलेली चिंच तशीच बरणीत होती. ती फेकायला मला पुढे महिना लागला.

आमच्या डॉक्टरांनी दोन झाल्यावरच तपासण्या लिहून दिल्या. त्यात रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्ह आली. ती एकदा येऊन भागत नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही ती तात्पुरती वाढलेली दिसू शकतात. ते बारा आठवडे फार जड गेले. काय झालंय ते अर्धवट कळलेलं आणि प्रयत्न करायचे नाहीत. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आल्यावर निदान पक्कं झालं: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. मग पुढच्या खेपेला एकोस्प्रिनची गोळी आणि रोज पोटात हेपॅरिनचं इंजेक्शन, दोन्ही रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

इंजेक्शनबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. बेंबीपासून दोन बोटं सोडून, बाजूला. कातडीची चिमूट धरायची आणि सुई पूर्ण आत जाईपर्यंत, औषध संपेपर्यंत सोडायची नाही. भरून आलेल्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा असतो, तो बाहेर काढायचा नाही. नंतर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं जास्त पडतं. रोज बाजू बदलायची. सुरुवातीचे दिवस नवऱ्याने दिलं, त्याचा हात थरथरायचा, मग मीच घ्यायला लागले. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात, मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा.

धाकटी आता दीड वर्षाची आहे. पण तिसऱ्या महिन्यापर्यंत मी एकदाही "बाळ" असा शब्द उच्चारला नाही. ओटभरणीलाही सासूबाईंना म्हटलं, नको. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नारळ देवापाशी ठेवून दिला. त्यांचे उपकार मानते मी.

गोदाकाठ
नाशिक. कामाबद्दल लिहिते. दुसऱ्या गर्भपातानंतर मॅनेजर म्हणाले, आजारपणाच्या रजेतून घ्या. पहिल्या वेळी तसंच केलं होतं आणि चौथ्या दिवशी शॉपफ्लोअरवर उभी होते. या वेळी वकील मावसबहिणीने सांगितलं की 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे, डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. आता त्या कायद्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तिच्यातही ही रजा तशीच ठेवली आहे. कलम दाखवल्यावर रजा मिळाली. एचआरमधल्या मुलीला स्वतःलाच माहीत नव्हतं, तिने माझ्यासमोर वाचलं. डिस्चार्ज कार्डवर "गर्भपात" स्पष्ट लिहून घ्या. "ओटीपोटात दुखणे" असं लिहिलेलं असेल तर उपयोग नाही.

पंचगंगा
मी पुरुष आहे, कोल्हापूर. लिहू का नको असा विचार करत होतो.

आम्हाला एक मुलगी. नंतर बायकोचे लागोपाठ तीन गेले. तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झालं, गर्भाशयात पडदा आहे का ते बघून झालं. सगळं नॉर्मल. घरात आणि नात्यात मात्र ठरूनच गेलेलं की दोष तिच्यात. तिच्या माहेरच्या एका लग्नात कुणीतरी तिला नवरीच्या हळदीपासून जरा लांब उभी राहायला सांगितलं. ती काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या आणि कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मग डॉक्टरांनी दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी सांगितली. तिचा रिपोर्ट नॉर्मल. माझ्यात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल निघाली. माझ्या शरीरात एकूण माल पूर्ण आहे, म्हणून मला काही त्रास नाही. पण शुक्राणू तयार होताना काहींमध्ये तुकडा कमी जातो, काहींमध्ये जास्त, आणि असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. काहींमध्ये सगळं नीट जातं. आमची मुलगी तशी.

रिपोर्ट घेऊन आलो त्या संध्याकाळी मी आईवडील, काका, आत्या सगळे बसलेले असताना सांगितलं. कागद आईच्या हातात दिला. आई बराच वेळ गप्प होती, मग उठून आत गेली आणि बायकोला म्हणाली, "जेवलीस का गं?" एवढंच. त्या घरात त्या दिवसापासून विषय बदलला. पुरुषांनो, तुमचीही तपासणी सांगितली तर लगेच करा, आणि रिपोर्ट काहीही आला तरी तो तुमच्या तोंडून घरात सांगा. बायकोने सांगितलं तर तिचं ऐकून घेत नाहीत.

आयव्हीएफ करून गर्भ तपासून मग ठेवायचा, की नैसर्गिक प्रयत्न करत राहायचं, अजून ठरत नाही. जेनेटिक समुपदेशक म्हणाल्या दोन्ही मार्गांनी मूल होऊ शकतं. खर्चाचा आकडा ऐकून परत आलोय.

डॉ. मी
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरचं वाचून काही गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

गर्भ राहिल्याचं कळलेल्या शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा वेळा गर्भपात होतो, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. अशा लवकर झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो, आणि आईचं वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. जड बादली उचलल्याने, प्रवासाने किंवा भांडणाने तो दोष येत नाही. दिवसचे दिवस झोपून राहिल्यानेही जाणारा गर्भ थांबत नाही.

तपासणी किती झाल्यावर करायची यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. एश्रे ही युरोपीय संघटना 2017 पासून दोन झाल्यावर करा म्हणते, ब्रिटनमध्ये तीन धरतात. मी दोन झाल्यावर करते. जुईला ज्या इंजेक्शनांचा उपयोग झाला ती तिच्या निदानासाठी आहेत. कारण न सापडलेल्यांनी ती हट्टाने मागू नयेत. टॉर्च नावाची काही संसर्गांची रक्ततपासणी आपल्याकडे अजूनही सर्रास लिहून देतात, वारंवार गर्भपाताचं कारण शोधायला तिचा उपयोग नाही.

प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक, औषध म्हणून घ्यावं का असं फार विचारतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिझम या ब्रिटिश अभ्यासात 4153 स्त्रिया होत्या, सगळ्या सुरुवातीला रक्तस्राव होत असलेल्या. एकत्र हिशोबात ठळक फरक दिसला नाही. पण आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांमध्ये औषध घेणाऱ्या 72 टक्के स्त्रियांना मूल झालं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये 57 टक्के. म्हणून डाग दिसताच डॉक्टरांना कळवा.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. क्युरेटिंग ठरलं असेल तर आधीच विचारा की नमुना गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवणार का. त्यासाठी तो निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि त्या वाढवून करायची तपासणी होत नाही. रिपोर्टात मुलगा की मुलगी हे कायद्याने सांगत नाहीत, त्याची तयारी ठेवा.

निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पुढे काहीही विशेष न करता मूल होतं. मी अशांना सहाव्या आठवड्यापासून वारंवार बोलावते, पाच मिनिटं का होईना बसवून बोलते.

संत्रा
नागपूर. मोठ्या मुलाबद्दल. तो साडेचार वर्षांचा, त्याला आम्ही सांगून बसलो होतो की बाळ येणार आहे. नवव्या आठवड्यात गेलं. त्याला सांगितलं, बाळ आता येणार नाही. तो हो म्हणाला आणि खेळायला गेला. पण पुढे कितीतरी दिवस पलंगावर चढेना, माझ्या अंगावर झेप घेईना. शेवटी रात्री दूध पिताना विचारलं त्याने: "मी तुझ्या पोटावर उडी मारली होती म्हणून बाळ गेलं का?" तोपर्यंत बिचारा ते घेऊन फिरत होता.

त्याला सरळ शब्दांत सांगा. बाळ खूप लहान होतं, नीट तयार होऊ शकलं नाही, तुझ्यामुळे नाही, आईमुळे नाही, बाबामुळे नाही. आणि पुन्हा सांगा, आठ दिवसांनी परत. "देवाघरी गेलं", "झोपलं" असं नको. माझ्या भाचीला तसं सांगितलं होतं, ती झोपायला घाबरायला लागली.

कोकणची आजी
सून टाइप करतेय, मी सांगतेय. वय त्र्याहत्तर, रत्नागिरीकडची. माझ्या दोन मुलग्यांच्या मध्ये बरीच वर्षं अंतर आहे, ते का ते कुणाला माहीत नाही. मध्ये दोन खाली झाले. तेव्हा दवाखाना कुठला, सुईण आली, काढा दिला, पाचव्या दिवशी मी विहिरीवर रहाट ओढत होते. यांनाही धड कळलं नाही. पुरुषांना सांगायची पद्धत नव्हती.

सुनेचं गेल्या वर्षी झालं तेव्हा मी तिला खिचडी करून दिली आणि दार लावून तिच्याजवळ बसले. माझे दोन मी तेव्हा तिला सांगितले, पहिल्यांदाच. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मीही रडले, इतक्या वर्षांनी. तुमच्या सासवांना विचारा गं. पुष्कळ जणींच्या पोटात असं काहीतरी असतं.

लेस्टरची मीनल
इथे तीन झाल्याशिवाय तपासणी करत नाहीत म्हटल्यावर मी खूप चिडले होते. दोन झाल्यावर पुण्याला आले तेव्हा तिथेच रक्ततपासण्या करून घेतल्या, काही निघालं नाही. इथली एक गोष्ट मात्र चांगली वाटली. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून चोवीस आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळासाठी सरकारी प्रमाणपत्र मागता येतं. नवरा म्हणाला, कागदाने काय होणार? मी दोन्हींसाठी अर्ज केला. मुलाच्या जन्मदाखल्याच्याच फोल्डरमध्ये ठेवलीत. माझ्या घरात ते कुठेतरी लिहिलेलं आहे याचं मला बरं वाटतं.

थांबलेली
आम्ही थांबलो. पुणे. चाळिशी जवळ आली होती आणि दर महिन्याला पाळीच्या तारखेभोवती घर जगत होतं. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू नेहमी बाथरूममध्ये का रडतेस?" त्यानंतर ठरवायला वेळ लागला नाही. पाळणा भाच्याकडे दिला. कुणी विचारलं, "दुसरं नाही?" तर "नाही" म्हणते आणि विषय संपवते. थांबलेल्याही असतात एवढं सांगायला लिहिलं. आम्ही हरलो असं मला वाटत नाही.

अबोली
सगळं वाचलं, रात्री दोनला. मला एक मुलगा आहे, मागच्या वर्षात दोन गेले. काल टेस्ट पॉझिटिव्ह आली. नवरा दुबईला आहे, त्याला सोडून कुणाला सांगितलं नाहीये. गुरुवारी कळव्याला दाखवायला जायचंय आणि त्या टेबलावर पुन्हा झोपायची भीती वाटतेय.

वैशाखी
अबोली, आधीच्या दोन्ही सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर ने, आणि शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर आठवत नाही. इतक्या लवकर ठोके दिसले नाहीत तर लगेच काही समजू नकोस, आठवड्याने परत बघतात. मशीनकडे बघायचं नसेल तर आत गेल्या गेल्या तसं सांग. मी डोंबिवलीला आहे, कळवा दूर नाही. एकटी जाऊ नकोस, वेळ कळव, मी येते.