उताराच्या शेतात माती व पाणी धरून ठेवायचे आहे, कामांचा क्रम कसा लावावा?

उतारावरचे_शेत

नमस्कार. माझे शेत सुमारे दोन हेक्टरांचे असून ते एका अंगाने उतरते आहे. वरच्या भागात हलकी, मुरमाड माती आहे आणि खालच्या साधारण एक तृतीयांश भागात भारी चिकण माती आहे. जोराचा पाऊस झाला की वरच्या भागात बोटभर खोल ओघळी पडतात, मध्यावर त्या एकमेकींना मिळतात, आणि खालच्या कोपऱ्यात त्यांचीच एक घळ तयार झाली आहे. घळीचे तोंड दर हंगामात थोडे वर सरकते. हे सारे गढूळ पाणी शेततळ्यात उतरत असल्याने तळ्याची खोली गाळाने कमी होत चालली आहे. ट्रॅक्टर वळवणे सोयीचे जाते म्हणून आजवर नांगरट आणि पेरणी दोन्ही उताराच्या दिशेनेच होत आली आहेत. शिवाय वरच्या शेजाऱ्याच्या शेतातील पाणीही एका ठिकाणाहून माझ्या शेतात शिरते.

एका जाणकारांनी यंत्र लावून संपूर्ण शेतात मोठे बांध घालण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्यांच्या मते नांगर कायमचा बंद केल्यास बाकी काही करावे लागणार नाही, तर तिसरे म्हणतात की आधी घळ बुजवावी. एकाच वर्षी हे सर्व करणे मला झेपणारे नाही. यांपैकी आधी काय करावे, का करावे, आणि केलेल्या कामाचा उपयोग होत आहे हे कशावरून ओळखावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बांधबंदिस्ती

आपल्याला मिळालेले तीनही सल्ले खोटे नाहीत, पण ते एकाच प्रश्नाच्या तीन वेगवेगळ्या टोकांना हात घालतात. घळ हा परिणाम आहे. तिच्यात येणारे पाणी जोवर कमी होत नाही, तोवर ती बुजवली तरी पुढच्या मोठ्या पावसात शेजारून नवी फुटते.

आधी पाण्याचा हिशेब मांडावा. एक हेक्टरावर 1 मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा 10,000 लिटर पाणी पडलेले असते, म्हणजे 50 मिलिमीटरच्या एका पावसात आपल्या दोन हेक्टरांवर 10 लाख लिटर पाणी येते. त्यातले निम्मे जरी वाहिले, तरी ते अडवण्याची ताकद खालच्या कोपऱ्यातल्या एखाद्या बांधात नसते. म्हणून पाणी जिथे पडते तिथेच जास्तीत जास्त मुरवणे, जे मुरत नाही त्याची गती मोडणे, आणि तरीही उरेल त्याला सुरक्षित वाट करून देणे, असा वरून खाली येणारा क्रम ठेवावा. गती मोडणे इतके महत्त्वाचे का, तर वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते आणि माती उचलण्याची त्याची क्षमता झपाट्याने वाढते.

माझ्या मते सर्वांत आधी शेजाऱ्याच्या शेतातून येणारे पाणी हाताळावे. ते आत शिरते तिथून शेताच्या वरच्या कडेने सौम्य उताराचा एक चर काढून ते गवत लावलेल्या पाणवाटेत सोडावे. हे शेजाऱ्यांशी बोलून आणि ते पाणी पुढे कुणाच्या शेतात उतरणार याचा विचार करूनच करावे, कारण आपली धूप दुसऱ्याच्या बांधावर ढकलणे म्हणजे मृद्संधारण नव्हे. त्यानंतर जमीन झाकणे आणि पेरणीची दिशा बदलणे ही दोन कामे एकाच हंगामात होऊ शकतात, कारण त्यांना यंत्राची फारशी गरज नाही. बांध त्यानंतर, आणि घळीचे काम सर्वांत शेवटी.

पालापाचोळा

जमीन झाकण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा उपाय सर्वांत साधा असूनही त्याच्याकडे फारसे कुणी वळत नाही.

धूप ओघळीपासून सुरू होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती थेंबापासून सुरू होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो, ढेकळाचे बारीक कण सुटे करतो, आणि हे कण मातीतल्या छिद्रांत बसून वरच्या थराची पापडी होते. एकदा पापडी धरली की खालची माती कोरडी असली तरी पाणी वरून वाहू लागते. पुढच्या पावसानंतर शेतात जाऊन रोपांच्या खालच्या पानांची मागची बाजू पाहावी. तिथे चिखलाचे शिंतोडे असतील, तर थेंब थेट मातीवर पडत आहेत. वरच्या मुरमाड भागात लहान खडे मातीच्या छोट्या खुंटांवर बसलेले दिसतील. खड्याखालची माती टिकली आणि भोवतालची गेली, एवढाच त्याचा अर्थ. त्या खुंटाची उंची म्हणजे अलीकडे गेलेल्या थराची जाडी. हा थर केवळ 1 मिलिमीटर असला, तरी हेक्टरी बारा ते पंधरा टन माती गेलेली असते.

पिकाचे अवशेष जाळू नयेत आणि उचलूनही नेऊ नयेत. ते रानातच पसरू द्यावेत. पेरणीनंतर किमान 30 टक्के जमीन झाकलेली असावी, हा संवर्धित मशागतीचा (कमीत कमी मशागत करून अवशेष रानातच ठेवण्याच्या पद्धतीचा) सर्वत्र मानला जाणारा निकष आहे, आणि एवढ्या आच्छादनानेही धूप उघड्या जमिनीच्या निम्म्याच्या आसपास येते. हे मोजण्यासाठी एका दोरीवर सारख्या अंतराने 100 गाठी माराव्यात, ती पिकाच्या ओळींना तिरकी ताणावी, आणि किती गाठींच्या बरोबर खाली काडीकचरा आहे ते मोजावे. जितक्या गाठी, तितके टक्के. शेताच्या तीन-चार भागांत मोजून सरासरी काढावी, कारण बांधाजवळचा भाग नेहमी फसवतो.

दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन मोकळी राहत असेल, तर त्या काळात शेंगवर्गीय आच्छादन पीक घ्यावे. त्याची मुळे माती धरतात आणि पुढे ते हिरवळीच्या खताच्या कामी येते. मात्र जिथे ओलावा मुळातच तोकडा असतो तिथे हे पीक मुख्य पिकाच्या वाट्याचे पाणी पिते, त्यामुळे ते वेळीच मोडावे.

नांगर_खाली_ठेवा

वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु नांगरटीचा प्रश्न त्यांनी टाळला आहे असे वाटते. जमीन उलथणारा नांगर अवशेष गाडतो, गांडुळांची बिळे आणि जुन्या मुळांच्या वाटा मोडतो, सेंद्रिय पदार्थ हवेशी आणून लवकर कुजवतो, आणि उतारावर प्रत्येक फेरीत थोडी माती स्वतःच खाली ओढतो. शेताचा माथा फिकट आणि पांढरट दिसत असेल, तर त्यात पावसाइतकाच नांगराचाही वाटा असतो. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशात गवताळ जमीन मोठ्या प्रमाणावर नांगरली गेल्यानंतर दुष्काळ आला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उडाली. मृदाशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांच्या पाठपुराव्यानंतर 27 एप्रिल 1935 रोजी तिथे मृद्संधारणाचा कायदा झाला. वाऱ्याने असो की पाण्याने, सैल आणि उघडी माती आधी जाते.

बांधबंदिस्ती

नांगरट कमी करावी हे मान्य, पण ती एका झटक्यात बंद करण्याचा सल्ला मी या शेताला देणार नाही. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरलेल्या जमिनीत खाली घट्ट थर झालेला असू शकतो. तो तसाच ठेवून नांगरट थांबवली, तर पाणी मुरण्याऐवजी त्या थरावरून सरकते. आधी कुदळीने दीड फूट खड्डा घ्यावा आणि त्याच्या भिंतीत चाकू टोचत खाली जावे. एखाद्या खोलीवर चाकू अडत असेल आणि मुळे आडवी वळलेली दिसत असतील, तर तो थर जमीन कोरडी असताना एकदा फोडून घ्यावा व त्यानंतर मशागत कमी करावी. दुसरी अडचण तणांची. नांगर सोडणारे बरेच जण पूर्णपणे तणनाशकावर अवलंबून राहतात आणि तेच पाणी शेततळ्यात येते. आच्छादन जाड ठेवणे आणि पिकांची फेरपालट करणे हाच त्यावरचा टिकणारा उपाय आहे, आणि त्याला दोन-तीन हंगाम द्यावे लागतात.

उतारावरचे_शेत

सर्वांचे आभार. दोन शंका आहेत. समतल रेषा आखण्यासाठी महागडे उपकरण लागते का? आणि खालच्या चिकण मातीतही वरच्यासारखेच समतल बांध चालतील का? तिथे एका जुन्या बांधाला गेल्या हंगामात भगदाड पडले होते.

नळी_पातळी

उपकरणाची गरज नाही. पारदर्शक नळीत बुडबुडे न राहतील अशा बेताने पाणी भरावे, तिची दोन टोके खुणा केलेल्या दोन सारख्या उंचीच्या काठ्यांना बांधावीत, आणि दोघांनी मिळून काम करावे. एक काठी जागेवर ठेवून दुसरी वर-खाली सरकवायची. दोन्हींकडची पाण्याची पातळी सारखी झाली की ते दोन बिंदू समतल. तिथे खुंटी ठोकून पुढे जावे. उतारही याच नळीने मोजता येतो. काठ्या उताराच्या दिशेने 10 मीटर अंतरावर असताना पातळीत 30 सेंटिमीटरचा फरक आला, तर उतार 3 टक्के.

दोन बांधांमधील उभ्या उंचीच्या फरकासाठी एक जुने सूत्र वापरतात: उताराच्या टक्केवारीला 3 ने भागून त्यात 2 मिळवावेत आणि आलेल्या संख्येला 0.3 ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. 3 टक्के उताराला हा फरक 0.9 मीटर येतो, म्हणजे जमिनीवर दोन बांध सुमारे 30 मीटर अंतरावर. 6 टक्क्यांना 1.2 मीटर, म्हणजे अंतर सुमारे 20 मीटर. ही सुरुवातीची आकडेवारी समजावी आणि पाऊस व माती पाहून त्यात फेरफार करावा. पेरणीच्या ओळी मात्र बांधांना समांतर ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक सरी हाच एक छोटा बांध होतो. वरच्या शेवटच्या तुकड्यात बांध न घालता नुसत्या वाळ्याच्या समतल ओळी लावल्या तरी भागेल. वाळ्याची मुळे सरळ तीन-चार मीटर खाली जातात, दाट खोडांमागे गाळ साचत जातो आणि काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते.

जुन्या बांधाला भगदाड का पडले, याचे उत्तर मातीतच आहे. चिकण मातीत पाणी फार हळू मुरते, त्यामुळे समतल बांधामागे ते साचून राहते, पीक पिवळे पडते, आणि कोरड्या काळात बांधाला गेलेल्या भेगांतून पाणी वाट काढते. अशा जमिनीत बांधांना शंभर मीटरला 20 ते 40 सेंटिमीटर एवढा अगदी सौम्य ढाळ द्यावा आणि त्यांचे पाणी गवताच्या पाणवाटेत काढावे. पाणवाट खोल व अरुंद नको. उथळ व रुंद हवी. गवत पुरते धरल्याशिवाय तिच्यात पाणी सोडू नये, नाहीतर आपणच नवी घळ खोदून ठेवल्यासारखे होईल.

दगडगोटे

घळीसाठी एकच उंच बांध न घालता अनगड दगडांचे अनेक ठेंगणे बांध घालावेत. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा, म्हणजे मधला तळ गाळाने भरून सपाट होतो. दगड तळात आणि दोन्ही काठांत पुरेसे आत घुसवावेत. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवावा. तसे न केल्यास पाणी कडेने वळून काठ कापते, आणि बहुतेक बांध असेच वाया जातात. पाणी पडते त्या खालच्या बाजूला मोठे दगड अंथरावेत. घळीच्या तोंडाशी असलेला उभा कडा आधी तासून तिरका करावा आणि त्यावर गवत लावावे, कारण घळ वर सरकते ती त्या कड्यावरून पडणाऱ्या पाण्याने पायथा पोखरल्यामुळे.

पालापाचोळा

शेततळ्याच्या वरच्या अंगाला काही मीटर रुंदीचा न नांगरलेला गवताचा पट्टा ठेवावा. खतातले स्फुरद (फॉस्फरस) मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून जाते, त्यामुळे गाळ अडला की तेही अडते. नत्रापासून होणारे नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून खाली झिरपते. त्याला गवताचा पट्टा पुरेसा थांबवू शकत नाही. त्यासाठी नत्र एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे विभागून द्यावे आणि मोठा पाऊस येण्याच्या तोंडावर टाकू नये.

उपयोग होतो की नाही हे पाहण्यासाठी 15 सेंटिमीटर व्यासाचे, दोन्ही बाजूंनी उघडे असलेले पत्र्याचे कडे जमिनीत थोडे ठोकून त्यात 440 मिलिलिटर पाणी ओतावे. म्हणजे बरोबर 2.5 सेंटिमीटर पाण्याचा थर होतो. तो मुरायला लागलेला वेळ आता लिहून ठेवावा, आणि पुढील हंगामात जमिनीत ओल तेवढीच असताना त्याच जागी पुन्हा मोजावा.

उतारावरचे_शेत

शेजाऱ्यांशी बोलणे झाले असून वरचा चर दोघांनी मिळून काढायचे ठरले आहे. एक शेवटची विचारणा: तळ्यातला गाळ काढून शेतात पसरावा का?

बांधबंदिस्ती

वरच्या मुरमाड भागात अवश्य पसरावा. तिथे त्याने ओलावा धरण्याची क्षमता वाढेल. खालच्या चिकण भागात टाकू नये, तिथे तो निचरा आणखी मंद करील. आधी क्षारांसाठी माती परीक्षण करून घ्यावे, पातळ थर देऊन तो वरच्या मातीत मिसळावा, आणि हे काम वरचा चर व पहिल्या समतल ओळी झाल्यानंतरच करावे, नाहीतर तोच गाळ पुढच्या पावसात पुन्हा तळ्यात येईल.